नाताळच्या सिनेमातला विधुर

२६ ऑक्टोबर, रविवार
नाताळचे सिनेमे सुरू झाले. लोकांच्या पायऱ्यांवर अजून हॅलोविनचे भोपळे आहेत आणि त्या चॅनेलवर बर्फ पडायलाही लागला. शुद्ध वेडेपणा. मी एकही बघणार नाही. ते वेड माझ्या बायकोचं, आर्डिसचं होतं. आर्डिस फेब्रुवारीत गेली. मी पूर्ण सावरलोय. सोल्वेगला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, हे तू दर रविवारी सांगतोस. म्हटलं, कारण ते दर रविवारी खरं असतं.

२७ ऑक्टोबर
एक बघितला. नाइलाज होता. आर्डिसने टीव्हीच्या रेकॉर्डरला काय सांगून ठेवलंय कुणास ठाऊक, तो आपणहून सगळे नाताळचे सिनेमे साठवतोय. मला बंद करता येत नाही. मशीन भरून जाईल, म्हणून एकेक बघायचा आणि पुसून टाकायचा असं ठरवलं. साफसफाईच आहे ही.
गोष्ट: शहरातली बाई उंच टाचांचे बूट घालून गावी येते. गावातली बेकरी बुडायला आलेली. बेकरीवाला देखणा. वादळ. रस्ता बंद. भांडण. चुंबन.
रस्ता बंद! मी जन्मभर कौंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. इथे मिनेसोटात बर्फ कंबरेपर्यंत येतो तरी सकाळच्या शाळेच्या बसला मी रस्ता मोकळा करून दिलाय. त्या सिनेमातल्या गावचा गाडीवाला काय झोपा काढतो? आणि तो बर्फ म्हणजे साबणाचा फेस आहे, बाईच्या केसांत वितळत नाही. हे मी मोठ्याने बोललो. आर्डिस असती तर म्हणाली असती, वेंडेल, गप्प बस आणि बघ, आता तिचा फोन वाजणार.
वाजला.

२ नोव्हेंबर
सोल्वेगने अट घातली. नाताळपर्यंत वाट बघणार. तोवर मी नीट सावरलेला दिसलो नाही तर घर विकायचं आणि मी तिच्याकडे डुलुथला जायचं. तळघरात खोली आहे, खिडकीसुद्धा आहे म्हणाली, जसं काही खिडकी म्हणजे बक्षीस. शेजाऱ्यांनी चुगली केली आहे. म्हणे मी संध्याकाळी घरात कुणाशी तरी बोलत असतो. अरे, मी टीव्हीशी बोलतो. सगळेच बोलतात.
हे घर मी सोडणार नाही. आर्डिसला इथून हलवणं शक्य... मला इथून हलवणं शक्य नाही, असं म्हणायचं होतं.

९ नोव्हेंबर
शोध लागला! आजवरच्या साफसफाईतून सिद्ध झालंय: या सिनेमांतला नायक बहुतेक वेळा विधुर असतो. बायको सिनेमा सुरू व्हायच्या आत गेलेली असते. तिचा फोटो शेकोटीवर असतो. मध्ये एकदा तिचं नाव निघतं, पियानो वाजतो, कुणीतरी म्हणतं, तू सुखी व्हावंस हीच तिची इच्छा असती. झालं. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माणूस खडखडीत बरा.
मी विधुर आहे. चौकड्यांचे फ्लॅनेल शर्ट कपाटभर आहेत. गाव लहान आहे. बर्फ तर खरा आहे. काय कमी आहे? फक्त एक बाई. ती मिळाली की सोल्वेगचं तोंड बंद. तोंड बंद.
आर्डिसचा फोटो शेकोटीवर ठेवायला गेलो. आमच्याकडे शेकोटी नाही. मायक्रोवेव्हवर ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बाई मिळाली. इतके दिवस डोळ्यांसमोर होती आणि मी आंधळा! डॉरीन हॅल्वर्सन. चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसते. तीही एकटी, नवरा हॅरल्ड जाऊन चार-पाच वर्षं झाली. ऑक्टोबरपासून दर बुधवारी ती माझ्यासाठी हॉटडिश घेऊन येते. खिमा, मशरूमच्या सूपचा डबा, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. गरम, कापडात गुंडाळून. एखादी बाई उगाच दर बुधवारी खिमा भाजेल का?
आज विचारलं, काय गं डॉरीन, आज कांदा जास्त घातलास? ती म्हणाली, नाही, नेहमीसारखाच आहे. आणि हसली. हसली!

१९ नोव्हेंबर
डॉरीन गेल्या आठवड्याचं भांडं मागत होती. सिनेमांत नायिका मुद्दाम मफलर विसरून जाते, म्हणजे परत यायला कारण राहतं. हे तेच. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलंय. म्हटलं, सापडत नाही. ती म्हणाली, अहो वेंडेल, ते समोर ओट्यावर आहे. म्हटलं, ते धुतलेलं नाही. ती म्हणाली, मी धुते. म्हटलं, छे छे. अशी प्रेमळ झटापट बराच वेळ चालली. भांडं दिलं नाही.
संध्याकाळी सिनेमा. सोफ्याच्या डाव्या टोकाला मी बसत नाही. तिथली स्प्रिंग गेली आहे. सिनेमात माजी प्रियकर यायच्या आत कुणीतरी हळूच म्हणालं, हा बघ, आला. स्पष्ट ऐकलं.
हीटर जुना झालाय, आवाज करतो. माणूस बोलवायला हवा.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
डुलुथला जेवायला गेलो. टर्की कोरडी. सोल्वेगने खोली दाखवली. खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात. मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, माझ्या आयुष्यात कुणीतरी आलंय, डॉरीन म्हणून. सोल्वेगने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाली, बाबा, डॉरीन म्हणजे चर्चच्या मदत मंडळातल्या ना? म्हटलं, योगायोगाने त्या मंडळात आहे, हो. तिने चमचा उचलून पुन्हा वाढायला घेतलं. मग म्हणाली, गोड घे थोडं. म्हणजे पोरगी खूश झाली.

६ डिसेंबर, शनिवार
चौकातलं झाड उजळायचा कार्यक्रम. सिनेमांत इथेच पहिल्यांदा डोळ्याला डोळा भिडतो. नायक अशा वेळी कोट घालत नाही, नुसता फ्लॅनेल. मीही नाही घातला. थंडी अशी की नाकातले केस गोठले. डॉरीनच्या गळ्यातला मफलर सैल होता, तो हळुवार नीट करायला गेलो. माझी बोटं बधिर. तिला वाटलं कुणी गळा दाबतंय, ती ओरडली, पाद्रीबुवा धावत आले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, कोट कुठे आहे तुमचा? आर्डिसने असं बाहेर पडू दिलं असतं का तुम्हाला?
प्रश्न जिव्हाळ्याचा होता. पण आर्डिसचं नाव काढायची गरज नव्हती. पियानो वाजला नाही.

८ डिसेंबर
ताप. सोफ्यावर पडून दिवसभर साफसफाई. राजपुत्र, जुळ्या बहिणी, कुत्रा, पुन्हा बेकरी. शेवट एकच. लोक नावं ठेवतात की हे सगळं आधीच कळतं. कळतं म्हणूनच बघायचं ना! जन्मात एक तरी जागा अशी हवी जिथे डॉक्टर दार उघडून बाहेर येत नाही आणि टोपी काढत नाही.
तापात डाव्या टोकाचं पांघरूण सरकल्यासारखं वाटलं. तापच.

१४ डिसेंबर
झाड आणलं. नियमाने दोघांनी हसत-खिदळत कापायचं असतं, पण डॉरीनला गुडघ्याचा त्रास. एकट्यानेच कापलं, वाकडं निघालं. तळघरातून सजावटीची पेटी आणली. कागद बाजूला केला तर काचेच्या पक्ष्यांखाली आर्डिसचा चष्मा. गेल्या जानेवारीत घर डोक्यावर घेतलं होतं तिने या चष्म्यासाठी. माझ्यावर आळ घेतला होता. म्हणाली होती, तूच कुठेतरी ठेवलास वेंडेल, तुला वस्तू ठेवायची अक्कलच नाही. पेटी तिनेच भरली होती!
मी ओरडलो, सापडला गं! तुझ्याच पेटीत होता!
मग उभा राहिलो तसाच, चष्मा हातात घेऊन. काचेवर तिच्या अंगठ्याचा डाग आहे. पुसला नाही.
शेजाऱ्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

१७ डिसेंबर, बुधवार
विचारलं! पुढच्या बुधवारी नाताळची आदली संध्याकाळ येते. म्हटलं, चर्चची प्रार्थना झाली की माझ्याकडेच बस, बरोबर जेवू, सिनेमा बघू. डॉरीन जराशी घुटमळली. मग म्हणाली, हॉटडिश द्यायला यायचंच होतं, बसते थोडा वेळ. काय ती लाज! सोल्वेगला फोन करून सांगितलं, घर विकायचा विचार डोक्यातून काढ. ती म्हणाली, बघू बाबा. तिच्या आवाजात आनंद होता, फक्त बाहेर येत नव्हता.
हवामानवाले म्हणतात, २४ला मोठं वादळ. देव स्वतः पटकथा लिहायला बसलाय.

२४ डिसेंबर
सविस्तर लिहितो.
डॉरीन पाचला आली. कापडात गुंडाळलेलं भांडं, अंगावर लाल स्वेटर. बर्फ सुरू झाला होता, खरा, जड, बाजूने येणारा. मी मेणबत्त्या लावल्या. जेवलो. तिने मायक्रोवेव्हवरचा फोटो बघितला आणि म्हणाली, छान आलाय. मग आम्ही सिनेमाला आलो आणि ती सरळ जाऊन सोफ्याच्या डाव्या टोकाला बसली.
मी म्हटलं, तिथली स्प्रिंग गेलीय. ती दोनदा बसल्या जागी उडी मारून म्हणाली, कुठे, चांगली मऊ आहे की! म्हटलं, या बाजूला बस, इथून नीट दिसतं. म्हणाली, इथूनही दिसतंय हो. मी उभाच राहिलो. अर्धा सिनेमा उभ्याने बघितला.
विधुराचाच होता. गावातलं खेळण्यांचं दुकान. डॉरीन गप्प होती तोवर ठीक होतं. मग शहरातली बाई बॅग भरायला लागली आणि डॉरीन म्हणाली, आता हा विमानतळावर धावत जाणार बघा.
मी म्हटलं, शू. तिला सांगू दे.
डॉरीन म्हणाली, कुणाला?
पडद्यावर तो धावत सुटला होता. डॉरीनने माझ्याकडे बघितलं, मग आपण कुठे बसलोय ते बघितलं. उठली. हाताने गादी सारखी केली आणि खुर्चीवर जाऊन बसली.
म्हणाली, वेंडेल, मदत मंडळात ऑक्टोबर ते डिसेंबर जेवण पोचवायचं काम माझ्याकडे असतं. नव्या वर्षापासून व्हर्ना येईल, ती तुम्हाला ट्यूना मासा खायला घालेल, सांभाळून. माणूस एकटा झाला की पहिलं वर्षभर आम्ही असं करतो, तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या वेळेला आर्डिस यायची. दर बुधवारी. मी हॅरल्डशी बोलत बसायचे, त्याला शिव्यासुद्धा द्यायचे, आणि ती समोर बसून विणत राहायची. एकदाही वर बघितलं नाही तिने.
मला हे ठाऊक नव्हतं. बुधवारी आर्डिस कुठे जाते, मी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला.
मी म्हटलं, बाहेर बर्फ बघून येतो.
नियमाप्रमाणे इथे वादळाने रस्ता बंद व्हायचा होता. तिची गाडी अडकायची होती, दोघांनी पांघरुणं घेऊन गरम चॉकलेट प्यायचं होतं. मी नुसतं दार उघडून बघायला गेलो. पण अंगणात गुडघाभर बर्फ आणि खाली अडकलेली गाडी दिसली की मला राहवत नाही. हातांना कुणी सांगायचं? बर्फ उडवायचं यंत्र काढलं, अंगण साफ केलं, तिच्या गाडीची काच खरवडली, पार मोठ्या रस्त्यापर्यंत वाट केली. चाकांखाली वाळूही टाकली.
आत आलो तेव्हा डॉरीनने कोट चढवला होता. मी आजवरची तिची सगळी भांडी काढून दिली, धुतलेली. ती म्हणाली, देवा, सात! मी घरी हॉटडिश केकच्या साच्यात भाजत होते हो! मग दारात माझा हात धरला, थोडा जास्त वेळ. सावकाश गेली. रस्ता इतका चोख होता की एकदाही घसरली नाही.
उरलेला सिनेमा बघितला. शहरातली बाई शेवटच्या पाच मिनिटांत परत येते. मी दारावरचा दिवा चालू ठेवला होता. खरं लिहायचं तर डॉरीनसाठी नव्हता.

२५ डिसेंबर
सकाळी उशिरा उठलो.
आर्डिसने यांतल्या एकाही सिनेमाचा शेवट बघितला नव्हता. सगळं आधी सांगून टाकायची आणि शेवटच्या जाहिराती लागल्या की तोंड उघडं टाकून झोपी जायची. मी एकटाच चुंबन बघायचो, टीव्ही बंद करायचो, तिच्या पायांवर पांघरूण घालायचो. आणि सकाळी अंडी फोडता फोडता ती विचारायची, मग? जमलं का त्यांचं? खऱ्या काळजीने विचारायची, जसं काही यावेळी जमणारच नव्हतं. मी म्हणायचो, जमलं बाई एकदाचं. आणि ती म्हणायची, बरं झालं.
आज अंडी मी फोडली. पॅनसमोर उभा राहिलो. थांबलो बराच वेळ, अंडी करपली.
मोठ्याने सांगितलं, जमलं.
दुपारी सोल्वेगचा फोन आला. नाताळच्या शुभेच्छा वगैरे. मग अडखळत विचारलं, बाबा, कालचं कसं झालं? सावरलायस ना तू?
म्हटलं, नाही गं. ती तुझ्या तळघरातली खोली अजून रिकामी आहे का?