जांभ्याची माती आणि लाल पाने

लिहून ठेवणार श्रीपत धोंडू गमरे, वय ६६, दूरसंचार खात्यातून निवृत्त, राहणार इंदिरा नगर, लखनौ. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, जिल्हा रत्नागिरी.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर तोंडभर हसून ‘कुछ नहीं होगा’ म्हणतात, म्हणूनच हे लिहून ठेवतो. माझे डोके शाबूत आहे. मला कोणी दटावलेले नाही, फितवलेले नाही, तशी या घरात कोणाची टापही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. इंदिरा नगरचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझी मुलगी स्वरदा हिला द्यावे. मुलगा रणजित याला घरातला खिळासुद्धा देऊ नये. कारण कलम ३ मध्ये आहे.

कलम २. पुढच्या खोलीतली माशांची काचेची टाकी. हिच्यात मी लाल पानांची पाणरोपे वाढवली. लखनौचे पाणी क्षाराचे. माझ्याकडे ना रोपांना द्यायच्या गॅसचे नळकांडे, ना परदेशी दिवे. एक साधी ट्यूबलाइट आणि पूर्वेची खिडकी. शेजारचे मधुकर साठे, हवाई दलातले निवृत्त, पैजेवर सांगायचे की अशा टाकीत शेवाळ वाढेल, लाल पान नाही. त्यांना ठाऊक नव्हते की तळाला, वाळूखाली, मी आमच्या सड्यावरच्या जांभ्याची माती घातली आहे. सडा म्हणजे गावावरचा तो उघडा लाल माळ. त्या मातीत लोखंड असते, मुळे ते सावकाश ओढून घेतात. मासे थोडे ठेवायचे, त्यांना खायला बेताने घालायचे. रोपाच्या पोटाला जरा चिमटा बसला की हे पान रंग धरते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपले हात आवरायचे. भाताच्या खाचरात हिरवीच असणारी ही बारीक रोपे माझ्याकडे शेंड्यापासून तांबडी झाली, तेव्हा साठे तासभर खुर्ची ओढून बसले होते. मला फार आनंद झाला होता, खोटे का बोलू.

कलम ३. गेल्या महिन्यात मी तपासणीसाठी दवाखान्यात होतो. सून पायल, इथलीच, हिंदी घरातली. मला बरे वाटावे म्हणून तिने टाकी उपसली, वाळू धुतली आणि तळाची सगळी माती मोरीत ओतून दिली. मी आलो तर काच लखलखीत. “पापाजी, नीचे कितनी गंदगी जमी थी,” ती कौतुकाने म्हणाली. मी तिला घालून पाडून बोललो. रणजित मध्ये पडला, माती ती माती, असे हिंदीत म्हणाला. तेव्हापासून बापलेकात अबोला आहे. रोपांचा रंग गेला, खालची पाने कुजून पडतात, नुसत्या काड्या उरल्या आहेत. आणि बापाची छाती फाडायची वेळ आलेली असताना गेल्या रविवारी हे दिवटे चिरंजीव ‘टूर पर जा रहा हूँ’ असे बायकोकडून कळवून चालते झाले. असल्या मुलाला घर कशाला?

कलम ४. सड्यावरची जमीन. तिच्यावरून माझा आणि चुलतभाऊ चंद्रकांत गमरे याचा खटला बारा वर्षे चालू आहे. श्रीपतच्या घरच्यांना इथले ढेकूळही नेऊ देणार नाही, असे त्याने भावकीसमोर सांगितले आहे. स्वरदाने खटला चालवावा. चंद्रकांतला वीतभर जागा मिळता कामा नये, मी मेलो तरी.

इथवर आज सकाळी लिहिले. पुढचे संध्याकाळी लिहितो आहे.

पाचच्या सुमारास चारबाग स्टेशनावरून रिक्षा आली. रणजित उतरला, खांद्यावर पोते, सदरा तांबडा झालेला. तो गावी गेला होता. चंद्रकांतने त्याला अट घातली होती: सड्यावर माझा हक्क नाही, पुढेही सांगणार नाही, असे स्टॅम्पपेपरवर लिहून दे आणि हवी तेवढी माती ने. रणजितने सही करून दिली. नक्कल माझ्या हातात ठेवली.

मी ती दोनदा वाचली. अरे, सगळे कोकण जांभ्याचे आहे, रस्त्याच्या कडेचीही चालली असती. पण मी त्याला जन्मभर ‘आपल्या सड्याची माती’ एवढेच ऐकवले. त्याला दुसरे काय माहीत असणार? मी म्हणालो, “बारा वर्षे लढलो मी त्या जमिनीसाठी.”

“आप लड़ते रहिए, पापा,” तो म्हणाला. “मुझे सोमवार से पहले मिट्टी चाहिए थी.”

साक्षीसाठी बोलावलेल्या साठ्यांनी कागद वाचला. ते म्हणाले, दावा तुमच्या नावाचा आहे, बाप जिवंत असताना मुलाच्या अशा सहीला कवडीची किंमत नाही. खटला जागच्या जागी आहे, तुमचा चंद्रकांत फसला. मला हसू यायला हवे होते. पण रणजितला यातले काही ठाऊक नव्हते. खरोखरच सगळे सोडतो आहोत, असे समजून त्याने सही केली होती.

म्हणून कलम १ व ४ रद्द करतो.

कलम ५. घर रणजित आणि स्वरदा यांना निम्मे निम्मे. टाकी पायलची. माती उद्या तिनेच घालायची, मी समोर बसेन आणि तोंड उघडणार नाही. मातीवर वाळूचा जाड थर द्यावा. पाणी ताटलीवरून सोडावे, म्हणजे गढूळ होत नाही. रंग यायला महिने लागतील. मी असेन किंवा नसेन, कोणी घाई करू नये.

कलम ६. सड्यावरचा माझा सगळा हिस्सा माझ्या पश्चात चुलतभाऊ चंद्रकांत गमरे याला द्यावा. तो माणूस मला आजही डोळ्यांसमोर नको. पण माझ्या मुलाने त्याला लिहून दिले आहे, आणि रणजितची सही खोटी निघाली असे गावात कोणी म्हणता कामा नये.

वाचून, समजून, आपल्या हाताने सही केली.
श्रीपत धोंडू गमरे

आमच्या देखत सही झाली:
१. मधुकर साठे, शेजारी
२. मीनाक्षी श्रीवास्तव, शेजारी

लखनौ, शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९९४