एक पूर्णांक चार सेकंदांचा खुलासा

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा दोन्ही हात जोडून (म्हणजे हातातला फुगा बाजूला ठेवून) नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी म्हणाली, रविवारपासून माझं नाव निघालं की तुम्ही पेपर तोंडासमोर धरता. साहजिक आहे. सख्ख्या भाच्याने मामाला आणि त्याच्याबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्या अख्ख्या मंडळाला वर्गाबाहेर काढून आतून कडी लावली, हे मी नाकारत नाही. पण आधी बातमी ऐका: आपण जिंकलो! ताईचा वर्ग ताईकडेच राहिला.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्या वर्गात मागच्या बाकापर्यंत शब्द पोचायचा तो लगदा होऊन. ओरडून ओरडून ताईचा घसा बसला, आणि मुख्याध्यापिका म्हणायला लागल्या की बाईंना शिकवणं झेपत नाही, त्यांना कार्यालयात बसवू. मी छाती ठोकून सांगितलं, दोष घशाचा नाही, खोलीचा आहे, आकड्यानिशी दाखवतो. (आमचा धंदाच तो. फुगा फोडायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते यंत्रावर मोजायचं. वर्गात तो अर्ध्या-पाऊण सेकंदात विरला पाहिजे.) पहिल्या दिवशी मी एकटाच होतो. आकडा आला दोन पूर्णांक एक.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांसमोर मोजायचं होतं, आणि ताईला धीर द्यायला तुम्ही बारा जणांसह हजर! थंडी म्हणून प्रत्येकाच्या अंगात लोकरी ओव्हरकोट, बाक टणक म्हणून प्रत्येकाच्या बुडाखाली घरची उशी. वडीलधाऱ्यांना बाहेर बसा म्हणायची माझी काय टाप? आकडा आला एक पूर्णांक चार. तिसऱ्या दिवशी निम्मं मंडळ दातांच्या डॉक्टरकडे गेलेलं, तर एक पूर्णांक सात. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून विचारलं, खोली रोज वेगळी घुमते की तुम्ही रोज वेगळं मोजता? मी सपशेल तोंडघशी पडलो. ताई कपाटातली पुस्तकं पिशवीत भरायला लागली.

घरी येऊन तिन्ही दिवसांचे कागद पसरले. फुगे तेच, यंत्र तेच, मी तोच. फरक काय तो तुमचा! मामा, लोकर आवाज पिते, उशी पिते, माणूसही पितो. हे मी शिकायला लागलो त्या पहिल्याच वर्षी शिकलोय, पण समोर मामा बसला की शिकलेलं आठवत नाही, हे मी कपाळावर हात मारून मान्य केलं.

म्हणून रविवारी ती कडी. मुख्याध्यापिकासुद्धा बाहेर. खिडक्या बंद, फुगे दोन जागी, मायक्रोफोन भिंतींपासून लांब सहा जागी, प्रत्येक वेळी तीनदा. एकूण छत्तीस फुगे. (दाराबाहेर प्रत्येक फुग्याला कोण दचकत होतं ते मी मामीला सांगितलेलं नाही.) छत्तीसही आकडे दोन पूर्णांक एकच्या आसपास, पहिल्या दिवसासारखे! सोमवारी शाळा भरण्याआधी कागद वाचून मुख्याध्यापिका स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि ताईला धडा वाचायला सांगितला. त्यांना एक वाक्य धड कळलं नाही. मग उठून म्हणाल्या, "बाई, चूक माझी झाली. वर्ग तुमचाच." ते वाक्य चांगलं दोन सेकंद घुमलं, आणि त्या घुमण्याचा मला पहिल्यांदाच राग आला नाही. ताई रडली, मग हसली. छताला आवाज पिणारे मऊ तक्ते बसवायचं पक्कं झालंय.

तेव्हा पेपर खाली ठेवावा.

तुमचा,
कडी लावणारा भाचा

ता. क. तक्ते यायला दोन महिने आहेत, आणि ताईचा घसा तोवर टिकायचा नाही. तुमच्या मंडळाने घुमणं सात दशांश सेकंदांनी कमी केलं, हे आता कागदोपत्री सिद्ध आहे. तर रोज सकाळी दहाला, कोट आणि उशांसकट, मागच्या भिंतीशी येऊन बसावं अशी विनंती. माझी नव्हे, मुख्याध्यापिकांची.

आणखी एक ता. क. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं, अवाक्षर काढायचं नाही. मामीला हे सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं की तक्ते सहा महिन्यांनी आले तर चालणार नाही का.