मुक्तिनाथच्या चढणीवरचा होकार

कामतघर, बुधवार, २१ नोव्हेंबर २००७

नेपाळहून येऊन दोन दिवस झाले, तरी मुक्तिनाथची ती चढण डोक्यातून जात नाही. आमची ही पुढे चालत होती. डोंगरात इतकं शांत, की तिचा आवाजही हळू झाला होता. इथे आमच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात आम्ही ओठ बघूनच बोलणं ओळखतो. तिथे मला फक्त तिची पाठ दिसत होती. तिने काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. परत विचारायला काय झालं होतं? दम लागला होता, एवढंच. मग देवळात तिने जरा जास्तच वेळ हात जोडले.

आज संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं, देवाच्या वाटेवर हे हो म्हणालेत. लूम विकायचे, पक्कं."

मी समोरच बसलो होतो. ओठ नीट दिसत होते.