पिठाचं काय?

बाबा, घरात बाबा आणि कॉलेजात सर हा नियम तुम्हीच घातला होता, म्हणून आधीच सांगते, हे पत्र बाबांना आहे. सरांना लिहायचं असतं तर एकेक वाक्य तपासून घ्यावं लागलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेले लोकसुद्धा आता निवृत्त व्हायला लागलेत. माझाही राग एव्हाना निवायला हवा होता आणि बराचसा निवलाही होता. पण गेल्या रविवारी आई तुमच्याबद्दल एक गोष्ट बोलून गेली आणि तेव्हापासून मी पुन्हा पहिल्यासारखी धुमसते आहे. त्या गोष्टीपर्यंत येईनच, पण सुरुवात स्वयंपाकघरापासून करायला हवी.

मी नववीत असेन. आई परातीत ज्वारी निवडत बसली आहे, शेजारी गिरणीतून नुकताच आणलेला पिठाचा डबा आहे, अजून कोमट. तुम्ही कॉलेजातून आलात आणि कधी नव्हे ते स्वयंपाकघरात येऊन सरळ जमिनीवर बसलात, पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता. मूठभर ज्वारी उचलून परातीत दाणा दाणा टाकलात आणि म्हणालात, “हे बघ, एक दाणा म्हणजे एका जागी ठेवलेलं एक वजन. परातीचं वजन म्हणजे सगळ्या दाण्यांची बेरीज. अर्ध्या परातीचं म्हणजे त्या अर्ध्यातल्या दाण्यांची बेरीज. पटलं?” पटलं. पण मी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, “आणि पिठाचं काय?” तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की तसं नंतर कधीच बघितलं नाहीत. म्हणालात, “शाब्बास! आता ते पीठ आणखी बारीक दळ, मनातल्या मनात. इतकं बारीक की एका जागी बोट ठेवलं तर तिथं वजन शून्य. मग शून्यं मिळवून मिळवून डबाभर पीठ कुठून आलं?” मी विचारलं, कुठून? तुम्ही हसून उठलात. “ते कळायला तुला एम.एस्सी. करावं लागेल.” आई म्हणाली, “तिला भाकरी थापू द्या की जरा. काय दाणे दाणे लावलंय, निवडलेल्या ज्वारीचा पार राडा करायलात.”

तुम्ही मला घड्याळ दिलंत, सायकल दिलीत, पण मला खरी देणगी वाटली ती तो प्रश्न. मी एम.एस्सी. केलं ते त्या डब्यापायी. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण मला वाटायचं तुम्हाला आठवत असणारच.

मग कॉलेजातली ती दोन वर्षं. एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच इमारतीत जायचं आणि तुम्ही स्कूटरवर पुढे, मी सायकलवर मागे. उन्हाळ्यात परभणीचा रस्ता कसा तापतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्या डोक्यावरही तेच ऊन होतं, फक्त तुमच्या मागची सीट रिकामी होती. लोकांनी म्हणू नये की विभागप्रमुखांची मुलगी गाडीवरून येते. आपल्या विभागातला शिपाई मला बघून म्हणायचा, “सरांची गाडी लागली, म्हंजी ताई बी आल्याच बगा, घामाघूम.” त्याला तेवढी तरी दया होती. घरी काही अडलं आणि विचारलं, तर तुम्ही पेपर खाली न करता म्हणायचात, “डिपार्टमेंटमध्ये विचारा.” विचारा! जेवणाच्या ताटावर बसून बाप पोरीला अहो-जाहो करतो आहे, हे बघून आई एकदा संतापलीच. “घरी तरी बाप व्हा की हो,” म्हणाली. तुम्ही आमटी वाढून घेतलीत.

आणि तो सेमिनार. बाहेरगावचे परीक्षक आलेले. आमच्यातल्या एकाच विद्यार्थ्याला पुढच्या संशोधनासाठी विभागाकडून शिफारसपत्र मिळणार होतं आणि ते त्या दिवसाच्या सेमिनारवर ठरणार होतं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी विषय निवडला होता मेझरचा, म्हणजे पसरलेल्या वजनाचा. कुठलंही मेझर हे पॉइंट मासचं, म्हणजे एकेका बिंदूवर ठेवलेल्या वजनांचं, इंटिग्रल म्हणून, म्हणजे एक सलग बेरीज म्हणून, लिहिता येतं. साध्या इंटिग्रलचं उत्तर एक आकडा असतो. इथे उत्तर म्हणजे अख्खं मेझरच, कुठे किती पसरलंय त्यासकट. थोडक्यात, पीठसुद्धा दाण्यांनी बांधता येतं, मात्र साध्या बेरजेनं नाही. हे मी एकटीनं, लायब्ररीत बसून, कुणाला न विचारता जुळवलं होतं. फळ्यावर मी तो एका ओळीचा निकाल लिहिला. नववीपासूनचं उत्तर मी तुमच्यासमोर ठेवत होते.

तुम्ही पहिल्या बाकावरून विचारलंत, “हे इंटिग्रल कोणत्या अर्थानं?”

मी खडू हातात धरून उभी राहिले.

“अर्थ सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धं आहे. अर्धं वाक्य म्हणजे चूक. बसा.”

परीक्षक भले गृहस्थ होते. म्हणाले, अहो, तिला बोलू द्या, मुद्दा चांगला आहे. तुम्ही म्हणालात, “ती माझी मुलगी आहे, म्हणूनच थांबवतोय.” मी बसले.

माझ्यानंतर पालमचा तो मुलगा उभा राहिला. रोज एसटीनं यायचा, हुशार होता, मला त्याच्याविषयी आजही काही म्हणायचं नाही. पण त्यानं त्या दिवशी एक तरी वाक्य पुरं केलं का, सांगा. फंक्शन सलग आहे हे म्हणायचं राहिलं, तुम्ही म्हणालात, “सलग म्हणायचंय त्याला.” पुढच्या पायरीला कारण दिलं नाही, तुम्ही परीक्षकांकडे वळून म्हणालात, “म्हणजे त्याच्या डोक्यात असं आहे की...” आणि ते कारण तुम्ही स्वतः सांगितलंत, छान, सविस्तर, माझ्यासमोर. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होते. शिफारसपत्र त्याला मिळालं. तो गेला, शिकला, आज परदेशात शिकवतो.

मला तुमचा प्रश्न चुकीचा वाटला असता तर किती सोपं झालं असतं. प्रश्न बरोबर होता. एका बिंदूवर ठेवलेलं वजन आणि दुसऱ्या बिंदूवर ठेवलेलं वजन यांच्यातलं अंतर नेहमीच्या कडक पद्धतीनं मोजलं, तर बिंदू एकमेकांना चिकटून असोत की एक मानवतला आणि एक पालमला असो, ते अंतर सारखंच येतं. शेजारी असण्याला तिथे काही किंमत नाही. त्या अंतरात पिठाचं ते इंटिग्रल उभंच राहत नाही. पण जरा मऊ पद्धत घेतली, म्हणजे वजनं थेट एकमेकांशी न ताडता एकेक सलग फंक्शन घेऊन दोन्ही बाजू त्यानं तपासल्या, की जवळचे बिंदू खरोखर जवळ येतात आणि ती ओळ सरळ खरी ठरते. हे आहे पुरं वाक्य. तेवढंच लागत होतं.

तुमच्या लेखी मी आणि वर्गातलं कुठलंही मूल सारख्याच अंतरावर होतो, असं लोक म्हणायचे आणि तुम्हालाही ते आवडायचं. तसं असतं तर मी सोसलं असतं, देवाशप्पथ. पण तो मुलगा जवळ होता, बाबा. त्याची अर्धी वाक्यं तुम्हाला कळत होती. सगळ्यांसाठी मऊ पद्धत आणि कडक ती एकट्या माझ्यासाठी, याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत. याला स्वतःचं नाव जपणं म्हणतात, आणि ते तुम्ही पोरीच्या जिवावर जपलंत.

नाव मात्र राहिलं हं तुमचं. तुमच्या शोकसभेत मी पहिल्या रांगेत बसले होते आणि तुमचे सहकारी एकामागून एक उठून तीच गोष्ट सांगत होते, सर एवढे तत्त्वाचे की पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. माना डोलत होत्या. एक जण तर माझ्याकडे हात करून म्हणाले, या इथेच बसल्या आहेत. जणू मी तुमच्या तत्त्वाचं प्रशस्तिपत्रक होते, फ्रेम करून आणलेलं. आज मी मानवतला ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते. वाईट काम नाही, मुलं चांगली आहेत. पण मला हे करायचं नव्हतं.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर निभावलं. तुम्हाला खरंच वाटलं असेल की मला उत्तर येत नव्हतं. बापाची समजूत चुकू शकते, आणि चुकलेल्या माणसाला माफ करता येतं. आता रविवारचं ऐका. आई हल्ली माझ्याकडेच असते. तिच्या हातून भाकरी होत नाही, म्हणून ती ओट्याशी खुर्ची टाकून माझ्या भाकऱ्यांना नावं ठेवते. बोलता बोलता तुमचा विषय निघाला आणि ती म्हणाली, “तुझ्या त्या शेमिनारच्या दिवशी जेवले न्हाईत बरं का ते. ताटावरून उठले.”

मी विचारलं, “का?”

“मला म्हणाले, तिला येत होतं. सगळं येत होतं, बोलली का न्हाई कुणास ठाऊक. लय वेळ तसेच बसले व्हते ओसरीत.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आता काय रडायलीस? जळायली ती भाकरी.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला येतं हे माहीत असताना तुम्ही “बसा” म्हणालात, पत्र दुसऱ्याला दिलंत, घरी येऊन एक वेळ उपाशी राहिलात, आणि झालं. फिटलं. तुम्ही जेवला नाहीत याचं मी काय करू, बाबा? मी तेव्हा ओसरीच्या आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसले होते. चार पावलं होती. तुम्ही उठून आत आला नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि नंतर तर मरेपर्यंत नाही. आईला बोललात, परीक्षकांना काहीबाही बोलला असाल, मला तेवढं बोलला नाहीत. माफीचं जे काही माझ्याकडे शिल्लक होतं ते आईनं त्या एका वाक्यात संपवलं, बिचारीला पत्ताही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, तुम्ही गणिताच्या परिच्छेदात आधी चूक शोधली असती. पण एक गोष्ट माझ्याकडूनही राहिली आहे, ती आईला माहीत नाही. मी घाबरून गप्प बसले असं मी सगळ्यांना सांगत आले. तसं नव्हतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुम्ही “कोणत्या अर्थानं” विचारलंत तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं, कारण मला वाटलं, आता तुम्ही हसाल आणि परीक्षकांना सांगाल, “तिला पिठाचं म्हणायचंय.” तेवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून खडू हातात धरून मी थांबले होते.