तोंडातल्या टाचण्या

प्रिय ताई,

लेकीला ऐकू येत नाही म्हटल्यावर तू म्हणालीस, "हातांची भाषा शीक." मी भडकलो. शिंप्याचे हात कामाला असतात, गप्पांना नाही. पोरगी ओठ वाचेल की!

चार वर्षं दुकानात तिच्याशी बोललो. ती नुसती बघायची. लक्षच देत नाही, म्हणून मी आणखी ओरडायचो. शेवटी तिच्या शाळेतल्या बाई वैतागल्या, "अहो, आधी तोंडातल्या टाचण्या काढा! काय वाचेल ती?"

मग मुकाट्याने हातांची भाषा शिकायला बसलो. पहिल्याच दिवशी कळलं, घरात मला हाक कशी मारतात: दोन बोटं टाचण्यांसारखी ओठांवर दाबायची आणि कपाळाला आठ्या घालायच्या. बायकोसुद्धा! दोन दिवस फुगून बसलो.

काल लेकीची मैत्रीण दुकानात आली. तिने हातांनीच विचारलं, "हे कोण?" लेक माझ्याकडे बघून घाबरली. मी कात्री ठेवली, दोन बोटं ओठांवर दाबली आणि आठ्या घातल्या. लेक हसत हसत कापडाच्या ढिगावर कोसळली.

हे पत्र टाकणार नाही. तुझंच खरं होतं हे लेखी दिलं, तर तू भिंतीवर लावशील.

तुझा भाऊ,
(ओठांवर दोन बोटं. आठ्या सध्या नाहीत.)