बाबांचं मार्जिन

मंगळवार, रात्र

डोकं अजून तापलेलंच आहे. दुकान विकून आलेले बाबांचे पैसे नितीनने एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले, वर ब्रोकरकडून तेवढीच उधारी उचलली. आणि आज बाबा शेजारच्या शर्माजींना कौतुकाने सांगत होते, "आमचा नितीन मार्जिनवर शेअर घेतो, भिया."

जन्मभर कापड विकलेला माणूस. मार्जिन म्हणजे मीटरमागे सुटणारा नफा, एवढंच त्यांना ठाऊक. शेअरबाजारात उधारीलाही तोच शब्द लावतात, हे त्यांना कोण सांगणार? मी नितीनला झापलं, तर सेव खात म्हणतो, "मी खोटं कुठे बोललो, ताई? शब्द तोच आहे. और मार्केट तर वरच जातंय."

वरच जातंय म्हणे. मोहल्ल्यात सगळे हेच बोलतात, ती कंपनी बनवते काय ते एकालाही माहीत नाही. फुगाही वरच जातो, फुटेपर्यंत.

जेवताना नितीनच्या फोनवर ब्रोकरचा मेसेज आला. भाव पडलेत, उद्या सकाळी पैसे भरा, नाहीतर शेअर विकून टाकू. मी तो त्याच्या खांद्यावरून वाचला. नितीन पांढरा पडला.

"काय झालं रे?" बाबांनी विचारलं.

"मार्जिन कमी पडलं, बाबा."

अजूनही तोच शब्द.

बाबांनी आपल्या ताटातली पोळी त्याला वाढली. "पडू दे, बेटा. धंद्यात कधी कमी सुटतं. गाठचं तर काही गेलं नाही ना?"

आणि हा गधा मान हलवून नाही म्हणाला.