बिघाडाची राखण

३ मार्च
वीज कंपन्यांनी ग्राहकांच्या तक्रारी कशा हाताळाव्यात, यावर कायदा येतोय. वीस तारखेला जनसुनावणी. ज्याची तक्रार अजून मिटलेली नाही, त्यालाच बोलता येईल. माझी आहे! हिच्या शिवणाच्या खोलीत व्होल्टेज सारखं कमीजास्त होतं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये विधेयकाचा मसुदा वाचलेला मी एकटा. बाकी सगळी मेंढरं.

५ मार्च
लाइनमन शिडी घेऊन हजर. दहा मिनिटांत करून देतो म्हणाला. वीस तारखेनंतर ये, म्हटलं. डोकं खाजवत शिडी घेऊन परत गेला. ठोंब्या.

८ मार्च
हिला शाळेचे गणवेश शिवून द्यायचेत. मशीन आचके देतं, टाके सुटतात, म्हणे. हिला कायदा आणि काज यांतला फरक कळत नाही.
निश्चय: रोज दोन तास भाषणाचा सराव. आज पंखा मंद होता, झोप लागली. उद्यापासून.

११ मार्च
लाइनमन पुन्हा. ही त्याला आत घेत होती, मी दारात आडवा उभा राहिलो. मेहुणा नेमका तेव्हाच टपकला. दाजी, दुखणं बरं करायचंय की मिरवायचंय, असं विचारत होता. याची अक्कल गुडघ्यात.

१६ मार्च
मशीनची मोटर जळाली. भक्कम पुरावा! आनंदाची बातमी म्हणून सांगायला गेलो, तर ही रडत बसलेली. मेहुणा मशीन, कापड आणि बहीण घेऊन गेला. बरंच झालं. सरावाला शांतता.

१८ मार्च
दूध उतू गेलं. शांतता जरा जास्तच आहे. सराव झाला नाही.

२० मार्च
सुनावणी गाजवली! अध्यक्षबाईंनी विचारलं, लाइनमन आला होता का. ठणकावून सांगितलं, दोनदा आला, दोन्ही वेळा पिटाळला. सभागृहात हशा. कंपनीचा वकील धावत येऊन माझा हात हातात घेऊन गेला. शत्रूलाही मानावं लागलं.

२२ मार्च
हिचा निरोप: वीज नीट झाली की येते. कळवलं, जुन्या नियमाखाली दुरुस्ती करून घेणं मला कमीपणाचं वाटतं. नव्या कायद्याखालची पहिली तक्रार आपल्या घरची असेल.

९ जून
कायदा लागू. सुनावणीनंतर एक कलम वाढवलंय: घरातलंच कोणी दुरुस्तीच्या आड येत असेल, तर ग्राहकाच्या अर्जावरून त्याला काम संपेपर्यंत घराबाहेर ठेवता येईल. काय एकेक नमुने असतील, की त्यांच्यासाठी कलम घालावं लागलं!

१२ जून, सकाळी ११
जिन्यात बसून लिहितोय. पहिली तक्रार आमच्याच घरची गेली. हिने केली. मीटर हिच्या नावावर आहे. आज लाइनमनला घेऊनच परत आली, त्याला आत घेतलं, मला उंबऱ्याबाहेर उभं करून कलम वाचून दाखवलं आणि दार लावून घेतलं. मेहुणा मशीन घेऊन मला ओलांडून वर गेला. त्याने साधं दाजीसुद्धा म्हटलं नाही.
लाइनमन आत्ताच शिडी घेऊन खाली उतरला. म्हणजे काम संपलं. कायद्याप्रमाणे आता मला आत घ्यायला हवं.
आत मशीन चालू झालंय, अगदी एकसारखं. दार दोनदा वाजवलं. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.